एका ठिगळाच्या सायकलीची बखर

लोणावळ्याजवळील ज्या गावाचे नाव तेथल्या प्रसिद्ध धरणाला मिळाले ते भुशी गाव, धरणावर येणाऱ्या मंडळींपैकी फारच थोड्यांच्या नजरेस पडते. पावसाळ्यात धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसावे, भाजलेले कणीस खावे आणि परत फिरावे, हा सर्वसाधारण क्रम. मूळ धरण बांधले ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, घाट चढणाऱ्या वाफेच्या इंजिनांची तहान भागावी म्हणून. पुढे १९३० च्या सुमारास या मार्गावर वीज आली, इंजिने पाणी पिण्याची थांबली आणि धरणाला दुसरा उद्योग मिळाला. त्यामुळे त्याला कोणी 'अस्सल राहिले नाही' असे म्हणत नाही. याच भुशीतील एका सायकलीला मात्र गेल्या वर्षी नेमके हेच दूषण ऐकावे लागले.

ही सायकल माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या आजोबांची. आजोबा रेल्वेत फिटर होते. आता हयात नाहीत. मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल आणि अंगाने सडपातळ, म्हणून गावात तिला 'रेसर' म्हणत. अनेक वर्षे ती माळ्यावर गोणपाटात पडून होती. जुन्या सायकलींची आवड असलेले पुण्याचे एक गृहस्थ ती पाहून गेले. त्यांनी तिला उलटी केली, चाके फिरवली आणि निकाल दिला : सांगाडा उत्तम, मागच्या चाकाचा तुंबा उत्तम, सीटची लोखंडी चौकट ठीक, बाकीचा माल सरमिसळ, तो भंगारात घाला. या तीन वस्तूंचे त्यांनी जे पैसे सांगितले ते नव्या साध्या सायकलीच्या किमतीच्या निम्मेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मुलाने मला विचारले, "सर, आमच्या सायकलीची खरी किंमत किती?"

घरात तेव्हा पावसाआधी पत्रे बदलण्याची गोष्ट चालली होती, त्यामुळे हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत इतिहास शिकवतो. सायकलींचा व्यापारी नाही. पण किंमत सांगण्याआधी वस्तू काय आहे ते कळले पाहिजे, आणि ते शोधणे हे माझेच काम होते. म्हणून दोन रविवार मी त्या सायकलीशेजारी पाट टाकून बसलो. जे वाचले ते येथे सांगतो.

आपल्याकडे सायकल आली ती चैनीची वस्तू म्हणून. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेव्हा सायकल विकण्याबरोबर ती चालवायलाही शिकवावे लागे. त्याच वर्षी तिकडे डनलॉपने हवा भरलेल्या टायरचा हक्क नोंदवला. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत ही चैन कारकुनाच्या, शिक्षकाच्या, फिटरच्या दारापर्यंत पोहोचली आणि पुणे तर सायकलींचेच शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. १९४५ पासून मुंबई-पुणे सायकल शर्यत सुरू झाली. बोरघाट चढून खंडाळ्याशी पहिला येणारा 'घाटाचा राजा' ठरू लागला आणि आमच्या भागातल्या पोरांना वाकड्या हँडलच्या सायकलीचे वेड लागले. फिटर आजोबांचे वय तेव्हा वेड लागण्याचेच होते.

आता प्रत्यक्ष सायकल. सांगाड्याच्या कपाळावर कारखान्याचा बिल्ला असतो. तो येथे गळून गेला आहे. पायडलांच्या दातेरी चकतीवर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या दिसतात. ही बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीची खूण. मूळ धंदा बंदुकांचा, म्हणून खूणही बंदुकांची. त्यामुळे घरातले सगळे सायकलीला बी.एस.ए.च म्हणत आले. परंतु चकती बदलता येते. बदलता येत नाही तो सांगाड्याचा पोटभाग, म्हणजे ज्या आडव्या नळकांड्यात पायडलांचा अ‍ॅक्सल फिरतो तो. त्याच्या दोन्ही तोंडांना आटे असतात आणि त्यांत छर्‍यांच्या वाट्या बसतात. बी.एस.ए.ने जे आटे पाडले ते इंचाला २४, आणि हेच माप पुढे जवळजवळ जगभर रूढ झाले. आजही या मापाला सायकलवाले त्याच नावाने ओळखतात. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने मात्र आपले वेगळे माप धरून ठेवले, इंचाला २६. गावातल्या लेथवाल्याकडून आटे मोजण्याची पट्टी आणून लावली, तर तिचा २६ चा दाता चपखल बसला.

तेव्हा सायकल रॅलेच्या घराण्यातली. घराण्यातली एवढेच म्हणतो, कारण हंबर आणि रज या दोन जुन्या कंपन्या रॅलेनेच विकत घेतल्या होत्या. मूळ चकती असती तर ओळखणे सोपे होते : बगळ्याचे डोके म्हणजे रॅले, हाताचा पंजा म्हणजे रज, माणसांच्या आकृती म्हणजे हंबर. ती चकती केव्हाच गेली.

मागच्या चाकाचा तुंबा मोठा नि जाड आहे. त्यात तीन गिअर आहेत आणि सारे यंत्र पोटात लपलेले आहे. वर 'स्टर्मी-आर्चर', 'ए डब्ल्यू' आणि ५२ हा आकडा ठोकलेला आहे. ही कंपनी आपल्या तुंब्यांवर वर्षाचे शेवटचे दोन आकडे ठोकत असे. पुण्याच्या गृहस्थांनी यावरून सायकल १९५२ ची ठरवली. घरची कथा वेगळी होती. १९४५ साली भुशीजवळ 'शिवाजी' हे नौदलाचे इंजिनिअरी शिक्षणाचे केंद्र निघाले. तेथला एक गोरा साहेब स्वातंत्र्याच्या वेळी मायदेशी जाताना ही सायकल विकून गेला, असे आजोबा सांगत. मग साहेब ४७ साली गेला आणि चाक ५२ साली घडले, हे कसे?

उत्तर एका पितळी पट्टीत मिळाले. गिअरची तार सांगाड्याला धरून ठेवण्यासाठी कारखान्याची एक घडीव कडी असते. येथे त्या जागी कात्रीने कापून, हातोडीने वळवून केलेली पितळी पट्टी आहे, आणि ती काढल्यावर खाली मूळ काळा रंग अगदी शाबूत निघाला. कारखान्याची कडी तेथे कधी आवळलेलीच नव्हती. म्हणजे सायकल आधी बिनगिअरची होती आणि गिअरचे चाक मागाहून बसवले गेले. ५२ हा आकडा चाकाचा जन्मशक आहे, सायकलीचा नव्हे. ज्या वस्तूचे भाग निरनिराळ्या वेळी आले तिच्यातला प्रत्येक भाग फक्त आपल्यापुरती साक्ष देतो, हे शिलालेख वाचणारे जाणतात. सायकलीलाही तोच नियम लागतो.

त्या तुंब्यावर मागे २२ दातांची चकती आहे. पुढच्या चकतीला ४६ दात. मागे १८ दात असतात तेथे २२ कशाला? याचे गणित मी वर्गात फळ्यावर मांडले. २६ इंची चाकाला पुढे ४६ आणि मागे १८ दात असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.३० मीटर जाते. सपाटीवर हे उत्तम; भुशीच्या चढावर ऊर फुटतो. मागे २२ घातले की मधल्या गिअरमध्ये ४.३४ मीटर. या तुंब्याचा खालचा गिअर त्याच्या तीन चतुर्थांश, म्हणजे ३.२५, वरचा गिअर त्याहून एक तृतीयांश अधिक, म्हणजे ५.७८. मुलांनीच उत्तर काढले : सपाटीवरचा जुना वेग हातचा गेला नाही, उलट थोडा वाढलाच, आणि चढाला मूळच्याहून सुमारे दोन मीटर कमी ओढावे लागले. आजोबांनी आपल्या पोटऱ्या आणि आपला रस्ता मोजून ही चकती निवडली होती. पुण्याच्या गृहस्थांच्या मते ती 'चुकीची' होती.

पुढचे चाक पाहा. इंग्रजी सायकलींची जुनी रीत अशी की पुढे ३२ तारा आणि मागे ४०. आपल्या साध्या देशी सायकलींनीही तीच उचलली. येथेही ३२ आणि ४० च आहेत, पण पुढचा तुंबा मुंबईत वरळीला बनलेला, हिंद सायकल कंपनीचा. रिमही देशी, २६ × १½ ची. मागची २६ × १⅜ ची. दोन्हींवर २६ च लिहिलेले असले तरी एकीचा टायर दुसरीवर चढत नाही, कारण टायरची कड जेथे बसते तो व्यास एकीचा ५९० मिलिमीटर, दुसरीचा ५८४. सहा मिलिमीटरांचा फरक, म्हणजे प्रत्येक बाजूला तीन. ब्रेकचे रबर तेवढेच खाली यायला हवे. ब्रेकच्या हाताची फट नीट पाहिली, तर ती कानसीने खाली लांबवलेली. मोजली, तीन मिलिमीटर भरली.

आणि शेवटी ती वाटी. पोटभागाची उजवीकडची वाटी गंजली किंवा फुटली की दुकानातून नवी आणावी. पण दुकानात मिळते २४ आट्यांची, आणि ती या सांगाड्यात शिरत नाही. शिवाय उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, फिरत्या छर्‍यांच्या रेट्याने वाटी हळूहळू सैल होऊ नये म्हणून. येथली वाटी लेथवर कातलेली आहे : इंचाला २६ आटे, उलटे, आणि कडेला हत्यार लागण्यासाठी घासलेल्या दोन सपाट बाजू. कोणत्याही कारखान्याची खूण नाही. घरातल्या आजी ओट्यावर बसून हे पाहत होत्या. मी विचारण्याआधीच म्हणाल्या, "ती वाटी व्हय गुरुजी? पानशेत फुटलं ना, त्याच्या पुढल्या सालची. थोरला रांगत व्हता. बाजारातल्या लेथावर रातभर बसलं व्हतं. मग कोळशात पुरून तापवली न् पाणी दिलं."

पानशेत फुटले ते १२ जुलै १९६१ ला. तेव्हा वाटी १९६२ ची. मऊ लोखंड कोळशात तापवून पाणी दिले की वरचा थर कडक होतो आणि छर्‍यांची रगड सोसतो. साठांहून अधिक वर्षांनी त्या वाटीचा मार्ग हाताला गुळगुळीत लागतो. दोन-तीन बारीक खड्डे आहेत, एवढेच.

हे सारे ठिगळकाम का करावे लागले? फिटर गरीब होता, एवढे उत्तर पुरत नाही. स्वातंत्र्यानंतर परदेशी सायकली आणि सुटे भाग आयात करणे कठीण झाले, आणि ५६-५७ नंतर परदेशी चलनाची टंचाई आल्यावर अधिकच. देशातच सायकली व्हाव्यात हे सरकारचे धोरण होते आणि ते फळालाही आले. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ साली टी.आय. कंपनी निघाली, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस, लुधियान्याला १९५६ मध्ये मुंजाल बंधूंची हिरो. या बंधूंच्या कंपनीने १९८६ साली जगातील सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनेसच्या पुस्तकात नाव नोंदवले. सायकल गरिबाच्या आवाक्यात आली ती या कारखान्यांमुळे. पण आधीच्या विलायती सायकलीचा मालक मधल्यामध्ये अडकला : तिकडचे भाग येत नाहीत, इकडचे बसत नाहीत. तेथे कानस आणि लेथ कामी आले.

गंमत अशी, की ज्या 'शुद्धते'साठी आज भाव मोजला जातो ती खुद्द विलायतेतही टिकली नाही. बी.एस.ए.ने आपला सायकलींचा धंदा १९५७ साली रॅलेलाच विकला, आणि १९६० साली रॅले व टी.आय. यांच्या सायकल कंपन्या एकत्र आल्या. भुशीत रॅलेच्या सांगाड्यावर बी.एस.ए.ची चकती बसली, तसे नॉटिंगहॅमला दोन्ही नावे एकाच छपराखाली नांदू लागली. पुढे ते छप्परही राहिले नाही. नॉटिंगहॅमचा कारखाना नव्या शतकाच्या आरंभी बंद झाला. स्टर्मी-आर्चर २००० साली तैवानला गेली. इकडे हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या १९८० साली एकाच कायद्याने सरकारने ताब्यात घेतल्या आणि पुढे त्याही मिटल्या. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये थांबला. त्या फिटरने जोडलेली सायकल यांतील बहुतेक कारखान्यांहून अधिक जगली.

मग हिचे पुनरुज्जीवन करायचे म्हणजे काय करायचे? एक मार्ग असा, की सगळे परके भाग काढावेत, दुनियाभर शोधून मूळचे मिळवावेत, रंग खरवडून नवा चढवावा आणि सायकल दुकानातून निघाली त्या सकाळी होती तशी करावी. असे करणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली सायकलींचे संग्रहालय उघडले. तेथे दुसऱ्या महायुद्धातील छत्रीधारी सैनिकांसाठी बी.एस.ए.ने केलेली घडीची सायकलही आहे. अशा जतन केलेल्या सायकली पाहायला मिळतात म्हणूनच भुशीच्या सायकलीतले कोणते मूळचे आणि कोणते मागाहूनचे, हे माझ्यासारख्याला ओळखता येते. अस्सल नमुना हवाच.

पण प्रत्येक जुनी वस्तू नमुना होऊ शकत नाही, आणि तिला तसे करायला गेलो तर तिचे आयुष्य पुसले जाते. आमच्या मावळातला लोहगड घ्या. २०२५ साली मराठ्यांच्या किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. किल्ला शिवकालाच्याही आधीचा. शिवाजीमहाराजांच्या काळात तो गाजला. वरचे मोठे तळे नाना फडणिसांच्या वेळचे. किल्ला शुद्ध शिवकालीन दिसावा म्हणून नानांचे तळे बुजवा, असे कोणी म्हणाले तर आपण त्याला वेड्यात काढू. १९६४ साली व्हेनिसला जमलेल्या वास्तुरक्षकांनी जी सनद केली तिचे एक कलम याच आशयाचे आहे : वास्तूत निरनिराळ्या काळांनी घातलेली रास्त भर जपली पाहिजे, सारे एका शैलीचे दिसावे हा जीर्णोद्धाराचा हेतू नव्हे. दुसऱ्या एका कलमाप्रमाणे नवीन घातलेला भाग मूळच्यात शोभला पाहिजे, पण नवा म्हणून ओळखू आला पाहिजे. दगडाला लागू पडते ते पोलादाला का पडू नये?

आम्ही याच नियमाने चाललो. मुलाने, त्याच्या वडिलांनी आणि मी मिळून सायकल खोलली. आमच्याकडे ज्याला 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात तेच, जरा सावकाश. रंग खरवडला नाही; तेलाच्या फडक्याने पुसला. गंजलेले सुटे लोखंड ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ पाण्यात ठेवले. गंज विरघळतो आणि चकाकी राहते. आम्ल विषारी, म्हणून हातमोजे घालून आणि लहान मुलांना दूर ठेवून. क्रँकचे कॉटर ठोकताना खाली लाकडी ठोकळ्याचा आधार दिला, नाहीतर हातोडीचा मार वाटीला बसतो. छर्रे नवे घातले, पाव इंची, दर बाजूला ११. चेन, टायर, ट्यूब, ब्रेकच्या तारा आणि रबरे बदलली, कारण तेथे जुनेपणाचा मान राखणे म्हणजे पोराचे डोके फोडून घेणे. इतके करूनही ओल्या पोलादी रिमवर रबर घसरतेच. म्हणून पावसात ही सायकल घाटात न्यायची नाही, अशी आजीची आज्ञा आहे. हाताने केलेली वाटी, पितळी पट्टी, २२ ची चकती, लांबवलेली फट आणि वरळीचा तुंबा, यांना हात लावला नाही. काढलेले तुकडे बिस्किटाच्या डब्यात ठेवले.

आता किंमत. मुलाच्या आईने मला स्पष्टच विचारले, "सर, इतिहास झाला, पण पत्र्यांचं काय?" प्रश्न योग्य होता, आणि त्याला इतिहासाच्या तासाचे उत्तर देणे बरे दिसले नसते. मी एवढेच म्हणालो, की सायकल तुमची, विकण्याचा हक्क तुमचा. बाजारात किंमत ठरते ती सांगाड्याची घडण, रंग, पूर्णता आणि मूळ भाग यांवर, आणि त्या हिशेबाने त्या गृहस्थांनी फसवले असे नाही. मात्र विकायची तर तोडून विकू नका. तीन तुकडे तीन सायकलींवर गेले की ती चकती नुसती चकती आणि ती वाटी नुसते लोखंड. अख्खी विका, आणि सोबत तिची हकिकत लिहून द्या. ज्याला हकिकतीसह हवी तो बहुधा वेगळा भाव सांगेल, आणि न सांगितला तरी घेतो काय आहे ते त्याला कळेल.

मी तो कागद लिहून दिला. डावीकडे भागाचे नाव, मध्ये तो कोठला आणि केव्हाचा, उजवीकडे हे कशावरून कळले. वाटीपुढे 'आजींची साक्ष' असे लिहिले आणि त्याखाली आजींनी सही केली. पत्रे पतपेढीचे कर्ज काढून बदलले. हप्ते अजून चालू आहेत. सायकल विकलेली नाही. पुढेही विकणार नाहीत असे मी म्हणत नाही. हप्ता थकला तर कदाचित विकतील, आणि त्यात गैर काही नाही.

दिवाळीच्या साफसफाईत घरोघरीचे माळे रिकामे होतात आणि भंगारवाल्याची गाडी भरते. तुमच्या माळ्यावर एखादी सायकल असेल तर ती देण्याआधी एक संध्याकाळ तिच्याजवळ बसा. मागच्या तुंब्यावरची धूळ पुसून आकडा पाहा, तारा मोजा, चकतीवर बगळा आहे की बंदुका ते बघा, आणि जेथे कानस लागल्याचे दिसेल तेथे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला हाक मारा. मग द्यायची असेल तर खुशाल द्या. पण ते माणूस आहे तोवर विचारून घ्या.